पिंपरीचा गार्डन फेटा

मी परत आल्यापासून आमच्या टायपिंगच्या क्लासात रोज तेच चाललंय. मशीनवर कागद चढवला की शेजारची कुजबुजते, शालू, ते पिंपरीचं सांग की. सांगायला लागलं की सर चष्म्यावरनं बघतात. म्हणून ठरवलं, एकदाच बसून सगळं टाईप करून टाकायचं आणि कागद फिरवायचे. माझी बोटं जरा पळतात, तेव्हा कुठं काना-वेलांटी उडाली असली तर आपली आपण लावून घ्या.

माझा दादा पिंपरीच्या औषधाच्या नव्या कारखान्यात केमिस्ट आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तिथल्या तरुण पोरांचा एक क्लब आहे. कोण बंगालचा, कोण मद्रासचा, कोण पंजाबचा, सगळे केमिस्ट नाहीतर इंजिनियर, आणि दादा त्यांचा सेक्रेटरी. त्यांनी ठरवलं की दवाखान्याची एक मोटार घ्यायची. चाकणच्या रस्त्यावरच्या गावांतनं आजारी माणूस उचलून आणायला. त्यासाठी कॉलनीच्या हिरवळीवर एक जंगी संध्याकाळ करायची, बँड, रंगीत दिवे, खेळ, खाणं. इंग्रजीत असल्या समारंभाला ‘गार्डन फेट’ म्हणतात. दादानं आईला कळवलं, शालूला पाठव, इंदूला सोबत होईल. इंदू म्हणजे माझी वहिनी. तिला सातवा महिना होता. आईनं पत्र संपायच्या आधी माझी ट्रंक काढली.

चिंचवड स्टेशन

रेल्वेचं काही सांगत नाही. कोळशाची कणी डोळ्यात गेली, संपलं. पुण्याला गाडी बदलली ती मात्र विजेची, धूर नाही, काही नाही, खिडकीत बसून केस तसेच्या तसे.

चिंचवडला उतरले तर दादाचा पत्ता नाही. त्याच्या जागी एक उंच गोरा तरुण उभा. कडक इस्त्रीची फिकट पँट, केसांना क्रीम लावून मागं वळवलेले, अगदी कॅलेंडरवरचा. तो म्हणाला, "शालू बहन? तुम्हारा दादा बिजली के तार लगाता है. मैं किशन." आणि माझी ट्रंक उचलून खांद्यावर.

ट्रंकेत आईनं दिलेली चटणी होती, वर तेल ओतलेली. बरणीचं झाकण प्रवासात ढिलं झालं होतं. टांग्यापर्यंत जाईतो त्याच्या खांद्यापासून त्या फिकट पँटच्या गुडघ्यापर्यंत तांबडा ओघळ. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. किशननं बोट लावून चाटून बघितलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाला, कोल्हापूरवाले रेल्वेत बसण्याआधी फायर ब्रिगेडला कळवत का नाहीत.

हा किशन दादाचा जिवलग. कारखान्यात बॉयलरवर इंजिनियर आहे. सिंधी. फाळणीत तिकडनं आलेल्यांचा पिंपरीला मोठा कॅम्प आहे, तिथल्या बराकीत राहतो. त्याच्या तोंडाला दम नाही. टांगेवाल्याशी थट्टा, घोड्याशी थट्टा. येताना त्यानं टांगा कॅम्पात थांबवला, शेजारच्या म्हातारीकडं नेलं, तर तिनं काय द्यावं? पापड. भाजलेला पापड आणि पाणी. आपल्याकडं दारात आलेल्याला गूळ-पाणी देतात ना, तसं त्यांच्याकडं पापड-पाणी. मी मनात म्हटलं, तहानलेल्या माणसाला पापड म्हणजे काय हा न्याय. पण खाल्ल्यावर पाणी असं गोड लागलं की मी दुसरा मागितला.

तिथनं पुढं नुसता माळ. बाभळी, उभी ज्वारी, मधेच पवना नदीचं चकाकतं पाणी. टांगेवाल्यानं चाबकानं दाखवलं, त्या आमराईपलीकडं पिंपळे सौदागर, आणि ह्या अंगाला मुंबईच्या रस्त्यानं गेलं की निगडी. दोन्हीकडं मला झाडांशिवाय काही दिसलं नाही. मग एकदम कारखान्याची चिमणी आणि वाऱ्यावर एक वास, आंबवलेलं पीठ रात्रभर झाकून ठेवल्यासारखा. दादाच्या अंगाला पण तोच वास येतो आता. आईला सांगू नका.

दादाचं क्वार्टर

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, पण नळ घरात. वहिनीनं मला दारातच कवटाळलं. पोट मधे येत होतं म्हणून दोघी हसलो. जेवायला पिठलं-भाकरी आणि चाकणचा कांदा. ह्या कांद्याची एक गंमत आहे, बुक्कीनं फोडला तर आवाज येतो. दादा बिजलीच्या तारांचं बोलत जेवला आणि परत पळाला.

मग भाकरी थापता थापता वहिनी बोलायला लागली, आणि आता जे सांगते ते नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

वहिनीचं माहेर चाकणच्या अलीकडं एका वाडीत. तिचा पाठचा भाऊ म्हादू, गेल्या वर्षी छातीत कफ होऊन गेला. पुण्याला नेताना वाटेतच. वाटेत म्हणजे कुठं, तर ह्याच कारखान्याच्या समोरून जाऊन थोडं पुढं. आत दादा त्याच आजाराचं औषध बाटल्यांत भरत होता, आणि त्याला कुणी कळवलं नव्हतं. दवाखान्याच्या मोटारीचं दादाच्या डोक्यात का आलं, हे मला तेव्हा कळलं.

म्हादूचं दुःख आबांनी, म्हणजे वहिनीच्या वडलांनी, असं घेतलं की त्यांनी पटका बांधणंच सोडलं. आपल्याकडं जसं दिवस झाले की सोयरे येऊन घरच्या कर्त्याच्या डोक्याला फेटा बांधतात, दुखवटा संपला, आता कामाला लागा म्हणतात, तसंच तिकडं. सोयरे आले, फेटे आणले, आमचे वडीलसुद्धा गेले होते. आबांनी कुणालाच हात लावू दिला नाही. तेव्हापासून उघड्या डोक्यानं फिरतात. आणि उघड्या डोक्याचा माणूस ना लग्नाला जात, ना जत्रेला, ना लेकीच्या दारात.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं," वहिनी म्हणाली. "सातव्यात बाप न्यायला येतो. माझा सातवा सरत आलाय, वन्सं."

मी म्हटलं, मग तुम्हीच जा की. मोटारीनं किती लांब आहे ते.

तिनं भाकरी उलटली. बोलावल्याशिवाय कशी जाऊ, म्हणाली. म्हादूच्या दिवसांनंतर आबांनी तिला एकदाही बघितलं नव्हतं. तिला वाटत होतं, भाऊ गेला तो आपल्या नवऱ्याच्या कारखान्याच्या दारातनं गेला, म्हणून आबा आपल्यावर रुसलेत. ती हे रडून नाही बोलली, नुसतं बोलली. भाकरी मात्र करपली.

चाकणच्या अलीकडं

दुसऱ्या दिवशी दादानं अर्धी रजा घेतली. ज्या गावांतनं मोटार जाणार त्या गावच्या लोकांना बोलवायचंच, असा त्यानं क्लबात हट्ट धरला होता. काही जणांनी नाकं मुरडली म्हणे, पण गुलाबी पास छापले. आम्ही पास घेऊन भोसरीहून एस.टी. पकडली, इंद्रायणी ओलांडली, आणि एका पिंपळाखाली उतरलो. पुढं कांद्याच्या वाफ्यांतनं पायवाट. काय तो हिरवा रंग, आणि वर अशी थंडी की बोलताना तोंडातनं वाफ.

आबा शेतात हुरडा भाजत होते. पांढरे बारीक केस, उन्हानं रापलेलं डोकं, खांद्यावर घोंगडी. मला बघून म्हणाले, कोल्हापूरची व्हय, बस. आणि गरम हुरडा हातावर चोळून माझ्या पदरात टाकला. वर शेंगदाण्याची चटणी. आपल्यापेक्षा सौम्य असते, पण हुरड्याला तीच पाहिजे. त्यांचा चुलतभाऊ तात्या शेजारीच होता. डोक्याला केशरी फेटा, एका कानानं कमी ऐकू येतं, पण त्या कानाची भरपाई तोंडानं करतो.

दादा सासऱ्यापुढं बसला की शाळेतला पोरगा होतो. बराच वेळ कांद्याच्या भावाचं बोलला. मग एकदाचं विचारलं, "मामा, इंदूला कधी न्यायचं?"

आबांनी विस्तव सारखा केला.

"तिकडंच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तिकडं बरी हाय ती. औषधाजवळ."

दादाचा चेहरा असा झाला की मी हुरडा खायची थांबले. हे रागानं म्हटलं का काळजीनं, मला तेव्हा कळलं नाही. दादाला तो रागच वाटला.

मग मीच पास पुढं केला आणि वाचून दाखवलं, रविवारी संध्याकाळी गार्डन फेट आहे, सगळ्यांनी यायचं.

"कसला फेटा?" तात्या म्हणाला.

मी म्हटलं, फेट. तो म्हणाला, तेच की, फेटा, पर कंच्या रंगाचा? मला वाटलं थट्टा करतोय, म्हणून मी पण म्हटलं, तुम्हाला शोभेल तो. तो खूश होऊन पासांचा गठ्ठा घेऊन वाडीत गेला. आबांनी आपला पास बघितला आणि घोंगडीखाली सारला. येतो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

हिरवळीवर

आता रविवार. ह्यासाठीच तुम्ही एवढं वाचलंत.

पोरींनो, मी असलं काही बघितलेलं नाही. हिरवळीभोवती लाल, हिरवे, पिवळे दिवे, झाडांतनं लोंबणारे. पुण्याहून आलेला गोवेकरांचा बँड, पांढरे कोट घालून. बायका शिफॉनच्या साड्यांत, बिनबाह्यांचे ब्लाउज, केस कानापाशी कापलेले. एकीनं मोजे घातले होते हाताला. मी आईची जांभळी इरकल नेसले होते आणि मद्रासच्या एका बाईनं काठाला हात लावून कुठं मिळतं विचारलं, तेव्हा मी दोन इंच उंच झाले. तरुण सगळे सुटाबुटात. रिंगा टाकून साबण जिंकायचा, आकडे पुकारून खेळायचा खेळ, मिठाच्या बर्फातलं आइसक्रीम, आणि एका ठिकाणी रंगीत कागदी टोप्या फुकट. खायला पावाच्या पातळ चकत्यांत काकडी. आपल्याकडं असली चकती पाहुण्याला दिली तर सोयरीक मोडंल, पण मी चार खाल्ल्या. आणि मधोमध काचेच्या घंगाळात ‘पंच’. दारूबंदी आहे, तेव्हा नुसतं संत्र्याचं सरबत, पण नाव पंच.

वहिनीला दाराजवळ वेताच्या खुर्चीत बसवलं होतं, शाल घालून. बांबूची कमान केली होती, पानं आणि दिवे लावून, तिच्या बाहेर किशन पास तपासायला. काळा कोट, गळ्यात फुलपाखरासारखा टाय, कोटाला गुलाब. पँट दुसरी.

ऊन कलतं झालं तेव्हा रस्त्यावरनं दोन बैलगाड्या आल्या, मागनं चालत माणसं. आणि सगळ्यांच्या डोक्याला फेटे. गुलाबी, केशरी, हळदी, लग्नातले, ट्रंकेतले, घडीच्या खुणा असलेले. तात्यानं वाडीत सांगितलं होतं, कारखान्यात फेट्याचा समारंभ हाय, ज्याच्या डोईला फेटा त्यालाच आत घेनार. एकामागनं एक कमानीतनं आत आले तेव्हा बँडवाल्यांनी आपणहून चाल बदलली. सगळ्या साहेबलोकांना वाटलं हा कार्यक्रमच आहे. टाळ्या काय, विचारू नका. एक बंगाली केमिस्ट दादाला म्हणाला, सेक्रेटरी, हे तू आमच्यापासून लपवून ठेवलंस. 

तात्या आत येऊन मला म्हणाला, समारंभ झ्याक हाय, पर हितलं पंच कोन? फेट्याचा निकाल कोन देनार? तेवढ्यात शेजारून जाणाऱ्या एका पंजाबी पोरानं ‘पंच’ एवढंच ऐकलं आणि नम्रपणे घंगाळाकडं बोट केलं. तात्या जाऊन त्या घंगाळात वाकून बघायला लागला.

मी हसत वहिनीकडं वळले, तर ती हसत नव्हती. कमानीच्या बाहेर, रस्त्यापलीकडं बाभळीखाली आबा उभे होते. घोंगडी खांद्यावर, डोकं उघडं. सगळ्यांच्या मागनं एकटे चालत आलेले.

वहिनी खुर्चीतनं अर्धी उठली आणि परत बसली. "तुमी जा वन्सं," म्हणाली. "त्यांनी हाक मारली तर मी येते."

मी निघाले. पण माझ्या आधी आबाच हलले. ते कमानीकडं नाही आले, किशनकडं आले. किशन कमानीच्या बाहेर उभा, उघड्या डोक्याचा. आबा त्याच्या शेजारी जाऊन तसेच उभे राहिले, तोंड रस्त्याकडं. दोघं जणू एकाच गाडीची वाट बघतायत.

"तुलाबी आत सोडंनात व्हय?" आबांनी विचारलं.

किशन म्हणाला, मैं तो यहीं खड़ा रहता हूँ बाबा. आबांनी त्याच्या डोक्याकडं बघितलं, त्या क्रीम लावलेल्या केसांकडं, आणि आवाज उतरवून म्हणाले,

"कोन गेलं तुझं?"

मला एकदम उमगलं त्यांना काय वाटतंय ते. आत जाणाऱ्या सगळ्यांच्या डोक्याला फेटा, हे एकच पोरगं उघडं, आणि बाहेर. मी पुढं होऊन सांगणारच होते, आबा, ते पास बघतात, आणि फेट म्हणजे फेटा नव्हे. पण किशन काहीतरी विनोद करणार म्हणून मी त्याच्याकडं बघितलं, आणि तो विनोद करत नव्हता.

"बाप," तो म्हणाला.

"कवा?"

"इधर आए तब. तंबू में थे. बुखार."

"पटका कुनी बांधला?"

किशननं गुलाबी पासांचा गठ्ठा या हातातनं त्या हातात घेतला. त्यांच्यातही तसंच असतं, म्हणाला. पग म्हणतात. बिरादरीचे लोक बाराव्या दिवशी थोरल्या मुलाला बांधतात. पण बिरादरी कुठं कुठं उतरली होती, कोण कुणाच्या तंबूत, कुणाला ठाऊक. "नहीं बाँधी किसी ने," तो म्हणाला.

"मंजी तवापासनं उघडाच?"

"उघडाच."

मागं बँड वाजत होता, आत कुणीतरी आकडे पुकारत होतं. आबांनी तोंड कमानीकडं फिरवलं. मग त्यांनी कमानीतनं आत हाक मारली. आम्हाला वाटलं वहिनीला मारली, वहिनी उठलीच, पण हाक तात्याला होती. तात्या हातात पंचाचा पेला घेऊन बाहेर आला.

"तुझा पटका सोड," आबा म्हणाले.

तात्यानं चांगल्या कानावर हात ठेवून परत विचारलं. मग म्हणाला, "आबा, तुज्याच डोईला न्हाई आन्‌ तू दुसऱ्याला बांधतूस?"

"कसा बांधत्यात ते इसरलो न्हाई मी."

तात्यानं पेला माझ्या हातात दिला आणि फेटा उतरवला. आबांनी त्याचं एक टोक किशनच्या दातांत दिलं, जसं घरच्या पोराच्या देतात, आणि बांधायला लागले. किशन एवढा उंच, की त्याला गुडघे वाकवावे लागले. केशरी पीळ एकावर एक चढत गेले, क्रीमचे डाग पडले असतील, खाली तो काळा टाय.  शेवटी त्यांनी तुरा काढला, किशनच्या दोन्ही खांद्यांवर थाप मारली आणि म्हणाले, "झालं. लाग आता कामाला."

किशन त्यांच्या पायाशी वाकला. वर आला तेव्हा त्याचं तोंड सगळं ओलं होतं आणि त्यानं ते पुसलं नाही.

मग त्यानं आबांचा हात धरला. चलो बाबा अंदर. आबा मागं सरले. मी असा कसा येऊ, म्हणाले.

"अंदर तो देखो," किशन म्हणाला.

आबांनी कमानीतनं बघितलं. वाडीचे फेटे एका कोपऱ्यात होते, आइसक्रीमच्या भोवती. बाकी सगळी हिरवळ भरून ते तरुण, दिव्यांखाली, एकजात उघड्या डोक्यांचे. बंगालचे, मद्रासचे, पंजाबचे. आबांची नजर एकावरनं दुसऱ्यावर गेली.

"येवढी पोरं," ते हळूच म्हणाले.

 ही सगळी दुखवट्यातली पोरं असं त्यांना खरंच वाटलं, का त्यांनी ते तसं घेतलं, मला अजून सांगता यायचं नाही. मी खूप विचार केलाय ह्याचा. एवढं खरं, की ते म्हणाले, चल मंग, बसतो ह्यांच्यात, आणि आत आले.

वहिनी उभीच होती. आबा तिच्यापाशी आले, एकदा तिच्या पोटाकडं बघितलं, आणि तिच्या खुर्चीशेजारी गवतावर घोंगडी टाकून बसले.

"बस. उबं ऱ्हाऊ नगं."

ती बसली. मी हातातला पेला पुढं केला. तात्याचा उष्टा होता हे माझ्या लक्षातच नाही. आबांनी पेला घेतला आणि वहिनीला विचारलं, "हे तुझ्या घरचं का कारखान्याचं?" नातवंड होईपर्यंत बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही ना, म्हणून.

"कारखान्याचं, आबा."

मग ते प्याले. ग्वाड हाय, म्हणाले. बँडनं आणखी एक गाणं संपवलं. आबा समोर बघतच बोलले.

"तिकडं औषधाजवळ बरी म्हनलो त्ये खरं हाय, इंदे. मला भ्या वाटतं. त्यो रस्ता लई वंगाळ हाय." मग म्हणाले, "पर तुझी आई दिसभर भिंतीशी बोलती. तू ये. परवा गाडी आनतो."

वहिनीनं शालीत तोंड लपवलं. दादा लांबनं खेळाचे आकडे पुकारायचे सोडून आमच्याकडंच बघत होता. त्याला मी हातानं खूण केली, सगळं ठीक आहे. तो आकडाच विसरला आणि लोक ओरडायला लागले.

किशन पुढचा सगळा वेळ तो फेटा बांधूनच होता. कुणी त्याला महाराजा म्हणालं, कुणी फोटो काढला. तात्यानं फेटा परत घेतला नाही, असा बांधलेला घ्यायचा नसतो म्हणाला. पण उघडं डोकं त्याला चैन पडू देईना, म्हणून त्यानं कागदी टोपी घातली, निळी, टोकाला झालर असलेली, आणि तीच घालून बैलगाडीत चढला.

मंगळवार सकाळ

दवाखान्याची मोटार येणार, हे सोमवारी नक्की झालं. दादा दिवसभर शीळ घालत होता. पण ती यायला वेळ आहे, आणि वहिनीला न्यायला जी आली ती आबांची बैलगाडी.

गाडीत कडबा, कडब्यावर दोन गोधड्या, वर उशी. आबा घरात आले, खाटेवर टेकले. डोकं उघडंच होतं. दादानं पाणी विचारलं नाही, त्यांनी मागितलं नाही. वहिनीची आई रात्रभर चूल पेटवून बसली होती म्हणाले. मी वहिनीच्या पिशवीत आपल्या चटणीची उरलेली बरणी ठेवली, झाकण सुतळीनं बांधून. किशन कामावर जायच्या आधी येऊन गेला. आबांनी त्याला बारशाला यायला सांगितलं, आणि उघड्या डोक्यानं येऊ नको असंही.

वहिनी गाडीत चढली. मला म्हणाली, वन्सं, तुमचा नीट पाहुणचारच झाला नाही. मी म्हटलं, गप्प बसा, मला सगळं मिळालं.

आबा गाडीवर बसले नाहीत. कासरा हातात घेऊन बैलांच्या पुढं चालायला लागले. मला आधी कळेना का. मग दिसलं. ते रस्ता बघत होते. दगड आला की वाकून बाजूला टाकायचे, खड्डा आला की बैलांना थांबवून गाडी कडेनं घ्यायची, मग परत चालायचं. कॉलनीच्या फाटकापर्यंत जायलाच केवढा वेळ लागला. दादा आणि मी बाजूनं चालत होतो. शेवटी दादाला राहवेना.

"मामा," तो म्हणाला, "असं चाललात तर पोचायला दिवस मावळंल."

आबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते पुढचा दगड उचलत होते. गोधडीत टेकून बसलेली वहिनी म्हणाली,

"मावळू दे की."